पहिलीतली मजा चौथीत कुठे जाते?

जून तोंडावर आला की बायकांच्या गप्पांना तीनच विषय असतात. लोणच्याच्या कैऱ्या, छत्र्या-रेनकोट आणि शाळा. त्यातही शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘कुठल्या मीडियमला घातलंत?’’ मग मराठी, सेमी, इंग्लिश अशी चर्चा रंगते. कुणाची जाऊ काय म्हणाली, कुणाच्या नणंदेचा मुलगा कसा फाडफाड बोलतो, फी किती, बसचे पैसे किती, सगळं सगळं बोललं जातं. आजोबांचं मत घेतलं जातं, शेजारणीचं घेतलं जातं, क्लासच्या मॅडमचंही घेतलं जातं. राहतं ते फक्त एकाचं. ज्याला शिकायचं आहे त्या सहा वर्षांच्या जिवाला कुणी विचारत नाही की, बाळा, तुला इंग्रजी कसं वाटतं?

आम्ही चार-पाच जणी मिळून गेली काही वर्षं एका वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. बहुतेक मुलं महापालिकेच्या मराठी शाळेतली, काही जवळपासच्या कमी फीच्या इंग्रजी शाळांमधली. हा प्रश्न मी तिथे दर वर्षी विचारते. गंमत म्हणजे उत्तरं इयत्तेप्रमाणे येतात. पहिलीतली मुलं म्हणतात, ‘‘मज्जा येते!’’ आणि आपण थांबवेपर्यंत हातवारे करून एक पोएम म्हणूनही मोकळी होतात. दुसरीतली म्हणतात, ‘‘आवडतं.’’ तिसरीत गेलेली जरा विचार करून सांगतात, ‘‘स्पेलिंग अवघड असतात.’’ आणि चौथीतली मुलं मान खाली घालून म्हणतात, ‘‘मला येत नाही.’’

पाहा हं, मी विचारलं होतं ‘कसं वाटतं?’ आणि उत्तर आलं ‘येत नाही’. विचारलेला प्रश्न आवडीचा होता, त्यांनी तो परीक्षेचा करून घेतला. तीन वर्षांत इंग्रजी भाषा काही इतकी अवघड होत नाही, आणि मुलं तर उलट मोठी होतात, शहाणी होतात. मग पहिलीतली ती मजा चौथीपर्यंत जाते कुठे? मला वाटतं, ती आपोआप जात नाही. आपण मोठी माणसं ती थोडी थोडी काढून घेतो. शाळेत, घरात, आणि सगळ्यात जास्त आपल्या बोलण्यातून.

आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल, पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पाचवीत गेलो की ए, बी, सी, डीची चार रेघी वही मिळायची आणि आपण मोठे झालो असं वाटायचं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा बराच वाद झाला. एवढ्याशा मुलांवर ओझं नको, असं एका बाजूचं म्हणणं. गरिबांच्या मुलांनीच का मागे राहायचं, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं. पण निर्णय झाला आणि पाव शतक तो चालू आहे. त्या निर्णयानंतर पहिलीत गेलेल्या मुलांची मुलं आता शाळेत जायला लागली आहेत.

मध्यंतरी पुन्हा एकदा भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आली, १७ जूनला त्यात बदल झाला आणि मोठ्या विरोधानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत लहान मुलांच्या मनाबद्दल आपण जेवढं बोललो तेवढं एरवी वर्षानुवर्षं बोलत नाही. चांगलंच झालं ते. पण तिसऱ्या भाषेचा एवढा विचार करताना, जी दुसरी भाषा ही मुलं रोज शिकताहेत तिचं काय चाललंय, हे किती जणांनी विचारलं?

त्याचं उत्तर फार सुखाचं नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०१६ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी मुलं होती साधारण २४ टक्के. म्हणजे चारांतलं एक. वाचणाऱ्यांतही कितीतरी जणांना अर्थ सांगता आला नव्हता. मोठी माणसं हा आकडा वाचून म्हणतात, मुलं कच्ची आहेत. मला मात्र त्यात उरलेली तीन मुलं दिसतात. पाच-पाच वर्षं रोज एका तासाला बसून, आपल्याला हे जमत नाही, एवढंच ती शिकली असतील.

आणि जमत नाही म्हणजे काय? या मुलांच्या खेळात डोकावून पाहा. ‘डबा ऐसपैस’ आपण सगळ्याच जणी खेळलो. हे ऐसपैस म्हणजे मूळचं इंग्रजी ‘आय स्पाय’, असं सांगतात. मुलांनी ते तोंडात घोळवून घोळवून असं काही मराठी करून टाकलं की साहेबालाही ओळखता येऊ नये! ‘टॅम्प्लीज’ म्हणून मूठ ओठाला लावली की खेळ थांबतो. ते ‘टाइम, प्लीज’ आहे हे कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तर नो बॉल, रनआउट, फुलटॉस यावरून तावातावाने भांडणं होतात आणि त्यात एकही शब्द चुकीच्या जागी पडत नाही. तिथे स्पेलिंग कुणी विचारत नाही ना!

आमच्या वर्गात एका पावसाळ्यात वीज गेली होती. वह्या बाजूला ठेवल्या आणि मुलांना सांगितलं, उद्या येताना घरातले इंग्रजी शब्द घेऊन या. पुस्तकातले नकोत, घरातले. दुसऱ्या दिवशी नुसता पाऊस! बल्ब, फॅन, प्लग, चार्जर, रिचार्ज, कुकर, मिक्सर, गॅस, सिलिंडर, बिस्किट, शाम्पू, रेशनकार्ड, सलाइन, ऑपरेशन, ड्युटी, ओव्हरटाइम. शब्दांवरून घरंही कळत होती. ज्याचे वडील रिक्षा चालवतात त्याने मीटर, ब्रेक, पॅसेंजर, शेअर आणले. जिची आई शिवणकाम करते तिने टेप, बॉबिन, कॉलर, फॉल-पिको आणले. भिंतीवर कागद चिकटवून आम्ही लिहीत गेलो, तो कागद पुरेना. चौथीतली एक मुलगी त्या कागदाकडे बघत म्हणाली, ‘‘ताई, आमच्या घरात एवढं इंग्रजी आहे, मला माहीतच नव्हतं!’’

मग मी त्यांना सांगितलं की बादली, चावी, पाव आणि बटाटा हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. मुलांचा विश्वासच बसेना. बटाटा परका? शक्य आहे का! आपल्या भाषेने किती जणांचे शब्द घेतले, चावले, पचवले आणि तरी ती आपलीच राहिली. मुलांची जीभ हे काम आपणहून करते. नव्या शब्दाला ती घाबरत नाही. घाबरायला तिला शिकवावं लागतं.

कसं शिकवतो आपण? आधी शाळेतलं पाहू. शब्द ऐकण्याआधी लिहायचा आणि अर्थ कळण्याआधी पाठ करायचा, ही आपली जुनी रीत. ‘एलिफंट’ हा शब्द मुलाने हत्तीच्या गोष्टीत दहा वेळा ऐकलेला नसतो, पण दहा वेळा लिहिलेला असतो. मराठीत जसं लिहिलं तसं वाचता येतं, या विश्वासावर वाढलेलं मूल विचारतं, ‘‘बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट का?’’ खरं तर किती हुशार प्रश्न! पण ‘तसंच असतं, पाठ कर’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी त्याला म्हणावं की, शाब्बास, बरोबर पकडलंस! आपल्या मराठीतही ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चार’मधला वेगळा, लिहितो मात्र एकच. तो तुला कुणी न शिकवता कळला ना? मग हाही कळेल. ऐकत राहा.

यात शिक्षकांवर खापर फोडणं सोपं आहे, पण योग्य नाही. अनेक गुरुजी-बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणारे, आणि शिकवण्याशिवायची पन्नास कामं गळ्यात पडलेले. स्वतःच्या इंग्रजीची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्याकडून मुलांनी निर्धास्तपणे बोलायला शिकावं, ही अपेक्षा मोठी आहे. म्हणूनच २०१६ मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘तेजस’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यात भाषणांपेक्षा शिक्षकांच्या छोट्या गटांवर भर होता. शिक्षकांनी एकत्र यायचं, एकमेकांत इंग्रजी बोलायचं, वर्गात काय जमलं ते सांगायचं. भीड चेपायची तर ती आधी मोठ्यांची चेपायला हवी, हे त्यात ओळखलं होतं.

आता घराकडे वळू, कारण तिथे आपलं राज्य. पाहुणे आले की आपण काय करतो? ‘‘काकांना पोएम म्हणून दाखव. नोज कुठेय? आईज कुठेत?’’ मूल म्हणतं, आपण खूश. एखाद्या दिवशी ते लाजतं, अडखळतं, तर लगेच, ‘‘अरे, काल तर येत होतं, एवढी फी भरतो आम्ही!’’ हसण्यावारी बोललेलं असतं, पण त्या मुलाला एक गोष्ट पक्की कळते. मराठी ही बोलायची असते आणि इंग्रजी ही दाखवायची असते. पाहुण्यांपुढे मराठी बोलताना एखादा शब्द चुकला तर कुणी फी काढत नाही.

दुसरं आपलं आवडतं वाक्य, ‘‘इंग्रजी आलं नाही तर माझ्यासारखी धुणीभांडी करावी लागतील.’’ कळवळ्यानेच म्हणते आई. पण आठ वर्षांच्या मुलाच्या मनात काय जोडलं जातं, याचा विचार करा. इंग्रजी म्हणजे भीती, आणि आईचं काम म्हणजे शिक्षा. ज्या कामावर घर चालतं, त्याच कामाची धमकी!

तिसरी गोष्ट, तुलना. एकाच चाळीत दोन मुलं सकाळी निघतात. एकाला टाय, बूट आणि दारात व्हॅन. दुसरं चपला घालून पालिकेच्या शाळेत चालत. कोण काय शिकतंय हे कुणी तपासलेलं नसतं, पण कोण पुढे आणि कोण मागे हे सगळ्या चाळीने ठरवून टाकलेलं असतं. मुलांना हे सगळ्यात आधी कळतं.

आमच्या वर्गात एक मुलगा येतो. दुसरीपर्यंत तो मराठी शाळेत होता. शनिवारी आम्ही गोष्टींचा तास घेतो, त्यात हा राजा. ऐकलेली गोष्ट कधी तशीच सांगायचा नाही. त्यात त्याच्या गल्लीतला कुत्रा यायचा, पाण्याचा टँकर यायचा. तिसरीत त्याच्या आईने त्याला इंग्रजी शाळेत घातलं. फीसाठी बचत गटातून कर्ज काढलं. आता त्याच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. अक्षर मोत्याचं, पानं भरलेली. पण एकदा पाहिलं, तर एका प्रश्नाचं उत्तर त्याने दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिलं होतं. फळ्यावरून उतरवताना ओळ चुकली होती, आणि त्याचं त्याला कळलं नव्हतं. कळणार कसं? त्याच्या शाळेत वर्गात मराठी बोललं तर पाच रुपये दंड. मी विचारलं, ‘‘मग तू काय करतोस रे?’’ तो म्हणाला, ‘‘मी बोलतच नाही, ताई.’’

या एका वाक्याने मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. भाषा शिकवायची म्हणून आपण एका बोलक्या मुलाचं बोलणंच बंद केलं!

मी त्याच्या आईशी बोलले. सकाळी चारला उठून एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाणारी बाई. शंभर पोळ्यांना पीठ किती, तेल किती, सगळा हिशेब तोंडी. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही बीए झालात, म्हणून तुम्हाला मराठी मीडियम परवडतं. माझ्या हातात बँकेचा फॉर्म आला की मी दुसऱ्याचं तोंड बघते. पोराने तरी बघू नये.’’

यावर काय बोलणार? ती चूक नाहीच. बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा रिपोर्ट, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, मोठ्या दुकानातला सेल्समन, सगळीकडे तिला इंग्रजीने दारातच अडवलं आहे. इंग्रजीची ओढ ही काही आजची फॅशन नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याविषयीच्या कविता आहेत. ज्यांना शतकानुशतकं शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना ही भाषा एक उघडं दार वाटली. ते वाटणं आजही तितकंच खरं आहे. तेव्हा अशा आईला मराठीच्या अभिमानाचे धडे देऊ नयेत. देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची स्वतःची मुलं, नातवंडं कुठल्या शाळेत जातात, ते आपण जाणतोच!

पण एक गोष्ट तिला आणि आपल्या सगळ्यांनाच सांगायला हवी. इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं. वाचन म्हणजे काय, हे मूल आयुष्यात एकदाच शिकतं. अक्षरांमागे अर्थ असतो, पान उलटलं की गोष्ट पुढे जाते, हे ज्या मुलाला घरच्या भाषेत कळलं त्याला दुसऱ्या भाषेत ते नव्याने शिकावं लागत नाही. शिदोरी बरोबरच असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शिकण्याचं माध्यम शक्य तितकं मातृभाषा असावं असं म्हटलंय, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथे आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरलाय. म्हणजे इंग्रजी नको असं कुणीच म्हणत नाही. पाया घरच्या भाषेचा ठेवून इंग्रजीही उत्तम शिकवा, एवढंच म्हणणं आहे.

आणि उत्तम शिकवण्याची पहिली अट म्हणजे मुलाचं मन. कॅनडातल्या गार्डनर आणि लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी भाषा शिकणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. दुसरी भाषा येण्यासाठी नुसती बुद्धी पुरत नाही, त्या भाषेबद्दल आणि ती बोलणाऱ्यांबद्दल शिकणाऱ्याच्या मनात काय आहे, यावरही खूप अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं. आपल्या आज्या हेच दुसऱ्या शब्दांत सांगायच्या. घास मायेने भरवला तर अंगी लागतो.

आता सगळ्यात अवघड भाग. वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं की शाळेच्या मीटिंगला तिला आईऐवजी मावशी यायला हवी असते. मावशीला थोडं इंग्रजी येतं. आई आली की बाईंशी मराठीत बोलते, आणि मैत्रिणी बघतात. चौथीतली मुलगी! तिच्या आईला हे माहीत आहे. ती काही बोलत नाही, मीटिंगच्या दिवशी कामावर दांडी मिळत नाही असं सांगते. ‘इंग्लिश विंग्लिश’ हा गौरी शिंदे यांचा सिनेमा २०१२ मध्ये आला तेव्हा श्रीदेवीची शशी गोडबोले पाहून आपण सगळ्या डोळे पुसत बाहेर पडलो होतो. लाडू करणारी, घर सांभाळणारी, आणि मुलीला जिची लाज वाटते अशी आई. सिनेमातली शशी अमेरिकेला गेली, क्लास लावला, शिकली. आपल्या वस्तीतल्या शशीला ना अमेरिका, ना क्लास.

म्हणून मला वाटतं, हा नुसता एका विषयाचा प्रश्न नाही. मुलाच्या इंग्रजीबद्दलच्या भावनेत त्याची आईबद्दलची भावना गुंतलेली आहे. इंग्रजी येणारे मोठे आणि न येणारे छोटे, हे एकदा मनात बसलं की मूल पहिल्यांदा स्वतःला छोटं समजतं आणि मग आईला. मार्क पुढच्या वर्षी वाढवता येतील, ही गाठ सुटायला मात्र आयुष्य जातं.

मग करायचं काय? मैत्रिणींनो, ज्यांना इंग्रजी येत नाही त्या आया इथे सगळ्यात जास्त करू शकतात. मूल शाळेतून आलं की त्याला म्हणा, ‘‘आज शिकलास त्यातला एक शब्द मला शिकव.’’ एकच. पोळ्या लाटता लाटता शिका, चुका, त्याला तुम्हाला सुधारू द्या. आई चुकते आणि हसते, हे पाहणाऱ्या मुलाला चुकण्याची भीती उरत नाही. आमच्याकडे एका आईने ‘स्पून’पासून सुरुवात केली. आता मायलेकींची स्वयंपाकघरातली भांडी संपली आहेत आणि गाडी भाजीबाजारावर आली आहे. मुलगी तिची शिक्षिका झाली आहे, आणि शिक्षिकेला विद्यार्थिनीची लाज वाटत नाही.

ज्यांना येतं त्यांनी थोडा आवर घालायचा. मूल बोलत असताना मधेच व्याकरण दुरुस्त करू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तेच वाक्य आपण सहज बरोबर बोलून दाखवा. शब्द आधी कानावर पडू दे, मग तोंडात येऊ दे, लिहिणं सगळ्यात शेवटी. तुमचं बाळ मराठीही याच क्रमाने शिकलं. रात्रीची गोष्ट मराठीतच सांगा, पोटभर सांगा. त्यातला ससा एखाद्या दिवशी ‘रॅबिट’ होऊन आला तर मुलं टाळ्याच वाजवतात. पाहुण्यांपुढे मुलाला इंग्रजी बोलायला लावणं बंद. आणि धुण्याभांड्यांची धमकी तर कायमची बंद.

शाळेतही आपल्याला बोलता येतं, हे अनेकींना माहीत नसतं. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. पण होतं काय, आपण नाव देतो, सही करतो आणि चहा पिऊन घरी येतो! पुढच्या बैठकीला जाल तेव्हा ‘माझ्या मुलाला इंग्रजीत किती मार्क?’ हा प्रश्न घरी ठेवून जा. त्याऐवजी विचारा, माझं मूल वर्गात इंग्रजीचं एखादं वाक्य रोज स्वतःच्या मनाने बोलतं का? वर्गात चित्रांची गोष्टीची पुस्तकं आहेत का, आणि ती कपाटात आहेत की मुलांच्या हातात? चुकलं तर वर्ग हसतो का? हसला तर बाई काय करतात? आणि जिथे मराठी बोलल्याबद्दल दंड आहे, तिथे चार आयांनी मिळून जाऊन विचारा की हा दंड कशासाठी? एकटीला उत्तर मिळत नाही, चौघींना द्यावं लागतं. हे प्रश्न विचारायला इंग्रजी यावं लागत नाही. स्वच्छ मराठीत विचारा.

गोष्टींचा राजा असलेला तो मुलगा अजून त्याच शाळेत जातो. कर्जाचे हप्ते चालू आहेत, तेव्हा शाळा बदलण्याचा विचारही त्याच्या आईला परवडणारा नाही. पण त्याने शनिवारी पुन्हा तोंड उघडलंय. लहान मुलांना तो मराठीत गोष्ट सांगतो, आणि मधे मधे त्यातली पात्रं इंग्रजी बोलतात. टँकरवाला परवा म्हणाला, ‘‘नो वॉटर टुडे, कम टुमॉरो!’’ सगळा वर्ग खदखदून हसला. शाळेच्या वहीत हे वाक्य कुठेच नव्हतं. त्याचं त्याने रचलं होतं. त्याची आई दाराशी उभी होती. तिने मला विचारलं, ‘‘बरोबर बोलला का हो तो?’’

बोलला, हे जास्त महत्त्वाचं. इंग्रजीला आपण वाघिणीचं दूध म्हणत आलो. ते मुलांना जरूर मिळावं, सगळ्यांच्या मुलांना मिळावं. फक्त ते पाजताना मुलाच्या मनात वाघिणीचीच भीती बसू नये, आणि आईच्या दुधाची लाज वाटू नये, एवढं तरी आपण पाहू या.